चार बोटं सैल

शिंपीमास्तर फीत गळ्यात घालायचे ती निव्वळ शोभेला. माप त्यांच्या बोटांत होतं. "कमरेला चार बोटं सैल," म्हणत ते गिऱ्हाइकाच्या पोटाशी बोटं खुपसायचे, खडूची रेघ मारायचे, की काम फत्ते!

पण अलीकडे शिवलेली प्रत्येक पॅन्ट परत येऊ लागली.

"मास्तर, घसरतेय हो!"

"अभिनंदन! बारीक झालात," मास्तर ठणकावून सांगायचे. गिऱ्हाईक खूश होऊन पट्टा घ्यायला जायचं.

स्वतः मास्तरांना मात्र सुस्ती यायची, भर दुपारी थंडी वाजायची, अंगठी तर बोटातून निघेचना.

"अहो, इतक्या वर्षांचा मधुमेह तुमचा. एकदा तपासून या ना," बायको म्हणाली.

"गोळी घेतोय की! अंगठी धुऊन आटली असेल."

शेवटी त्यांचे डॉक्टरच एका हातानं पॅन्ट धरून दुकानात आले. "मास्तर, पेशंटचा रक्तदाब मोजायला दोन हात लागतात. माझा एक इथं अडकलाय!"

"बारीक झालात, डॉक्टर."

"काट्यावर उभा राहून आलोय. तोळाभरही उतरलो नाही."

"माझी बोटं चुकायची नाहीत!" मास्तरांनी बोटं नाचवली. डॉक्टरांनी ती पकडून निरखली, मग वाकून मास्तरांच्या नडगीवर अंगठा दाबला. पडलेला खळगा भरेचना.

तपासण्या झाल्या. "लघवीतून प्रथिनं जाताहेत, म्हणून बोटं सुजलीत. मधुमेहानं मूत्रपिंडाला त्रास द्यायला सुरुवात केलीय. शिवाय थायरॉईडही जरा मंदावलंय," डॉक्टर म्हणाले.

मास्तरांनी दोन्ही हात पुढे केले. "माझी बोटं? धंदा?"

"वेळेत सापडलात. साखर, मीठ, रक्तदाब सांभाळा आणि औषधं चुकवू नका."

"वेळीच टाका घाला, असं जगाला सांगता," बायको डोळे पुसत म्हणाली, "आणि स्वतःची उसवण दिसत नाही!" त्याच दिवशी तिनं फीत मास्तरांच्या गळ्यातून स्वतःच्या गळ्यात घातली.

काही महिन्यांत सूज उतरली, अंगठी सुटली. डॉक्टर नवी पॅन्ट न्यायला आले. श्वास रोखूनही बटण लागेना, पण चेहरा आनंदानं फुललेला.

"वा मास्तर! बोटं बारीक झाली. माझं औषध लागू पडलं!"

मास्तरांनी त्यांना खुर्ची दिली.

"डॉक्टर, हे माप हिनं फितीनं घेतलंय, महिन्यापूर्वी. तुम्ही असं करा, उद्या उपाशीपोटी जाऊन साखर तपासून या."