दत्तूकाकांचे घनफूट

दत्तूकाका कुणाच्याही घरी गेले की आधी छत बघतात, मग माणसं. चहा येईपर्यंत त्यांचा हिशेब झालेला असतो. "अकराशे घनफूट," ते यजमानांना सांगतात, "मोठी आहे हो खोली." यजमान खूश होतो. घनफूट म्हणजे काय, हे तो विचारत नाही. कारण विचारलं की चहा दुसऱ्यांदा ठेवावा लागतो.

जव्हारच्या एसटी डेपोत ते मेकॅनिक होते. निवृत्तीनंतर खिशात मोजायची टेप आली आणि तोंडात एकच वाक्य बसलं, "लांबी-रुंदी कुणीही मोजतं, उंचीला कोण विचारतो?" माझ्या बहिणीसाठी स्थळ बघायला त्यांना नेलं होतं. परतताना मत विचारलं, तर म्हणाले, "मुलगा सोन्यासारखा. खोली बुटकी." लग्न झालं, बहीण सुखात आहे. मेहुणा मात्र पंख्याखालून अजून वाकून जातो.

मी त्यांचा शेजारी. त्यामुळे टेपचं दुसरं टोक धरायचं काम माझ्याकडे.

त्यांची बायको, लीलाकाकू, गल्लीतल्या आणि जवळच्या पोशेरा गावातल्या बायकांना घेऊन नागलीचे, म्हणजे नाचणीचे, पापड करतात. यंदाच्या उन्हाळ्यात पापड इतके झाले की खोके पलंगाखाली, देव्हाऱ्यापुढे, अगदी दारामागेही रचले गेले. पाऊस तोंडावर आला होता. आमच्याकडच्या पावसात भिंतीलाही बुरशी येते, तिथे पापडांचं काय? खोडाळ्याच्या एका बाईंनी आपली कोरडी खोली देऊ केली. पण खोके तिकडे गेले की भरणं, पाठवणं, सगळंच तिकडे जाणार. आणि काकूंच्या गुडघ्यांना घाटातली एसटी झेपत नव्हती.

"मग त्याच बघतील पुढचं," काकू म्हणाल्या आणि मोरीवर जाऊन भांडी घासू लागल्या. भांडी स्वच्छच होती.

काकांनी खिशातून टेप काढली. मग मला म्हणाले, "दिलीप, माळा मोजू."

कौलांखालचा तो माळा मधे उंच आणि कडेला पार टेकलेला. काका पोटावर सरपटत कोपऱ्यात शिरले. "सगळा चौकोन धरू नकोस. कौलं उतरती आहेत, अर्धाच धर." मग तुळया वजा झाल्या, शिडीचं भोक वजा झालं. शेवटी काका म्हणाले, "आणि माझे रेडिओ वजा."

लाकडी पेटीचे जुने रेडिओ होते ते, निम्मा माळा अडवून बसलेले. नोकरीत असताना गावोगावहून आणलेले, कधीतरी दुरुस्त करू म्हणून ठेवलेले. त्यांना काकूसुद्धा हात लावत नसत.

खाली येऊन काकांनी निकाल सांगितला, "निम्मेच खोके मावतील."

"नक्की?" काकूंनी विचारलं.

"माझं माप कधी चुकलंय?"

ते खरंच होतं. उद्या खोडाळ्याला निरोप धाडू, असं बायकांचं ठरलं.

सकाळी पाहतो तर काकांच्या दारात भंगारवाल्याचा टेम्पो. काका एकेक रेडिओ फडक्याने पुसत होते आणि त्याच्या हातात देत होते.

"काका, हे काय?"

"काल मोजण्यात चूक झाली. सगळे खोके मावतात."

"चूक? तुमची?"

"टोक तू धरलं होतंस," ते म्हणाले. "नीट धरत जा."

आवाज ऐकून काकू बाहेर आल्या. "अहो, ते रेडिओ..."

"दुरुस्त होण्यातले नव्हते," काका म्हणाले आणि झाडू घेऊन माळ्यावर चढले.

दुपारपर्यंत बायका जमल्या. खाली काकू खोके देत होत्या, मधे शिडीवर मी, वर काका. तेवढ्यात डेपोतले त्यांचे एक जुने सोबती दारात डोकावले. "दत्तोबा, माळ्यावर काय चाललंय?"

"कारखाना आहे हिचा," वरून काकांचा आवाज आला. गल्लीच्या टोकाला जाईल एवढा मोठा. "जव्हारात असे पापड दुसरीकडे मिळाले तर मला सांग."

इतक्या वर्षांत काकांनी बायकोचं कौतुक केलेलं मी तरी ऐकलं नव्हतं. काकू हातातला खोका छातीशी धरून तशाच उभ्या राहिल्या. मी तो घ्यायला वाकलो.

"तू उतर खाली," त्या म्हणाल्या. "हा मी देते त्यांना."

आणि दुखऱ्या गुडघ्यांनी, हळूहळू, त्या शिडी चढू लागल्या.