पुढे या आणि दाखवा

इंदूरच्या म्युनिसिपालटीचे अध्यक्ष जयसिंगराव मानकर कन्याशाळेच्या संमेलनात भाषण करत होते आणि भाषण चांगलं रंगलं होतं. त्यांचे वडील होळकर दरबारात मोठ्या हुद्द्यावर होते. दरबार गेला, मध्यभारत आला, पण मानकरांच्या घरातला दरबारी आवाज काही गेला नव्हता. त्या आवाजात ते म्हणाले की, मुलींच्या तहानेची काळजी करणारी ही पहिलीच म्युनिसिपालटी असून, याच शाळेच्या अंगणात तिने नळ बसवला आहे. एवढं बोलून ते टाळ्यांसाठी थांबले.

टाळ्या पडायच्या आत व्यासपीठाच्या कडेला बसलेल्या सुलोचनाबाई पुराणिक म्हणाल्या, "कुठे आहे? पुढे या आणि दाखवा."

यात त्यांचा काही बेत नव्हता. बाई भूगोल शिकवत. एखाद्या मुलीने बसल्या जागेवरून नर्मदेचा उगम सांगितला की बाईंच्या तोंडून हेच वाक्य निघे, आणि मुलगी छडी घेऊन नकाशापाशी जाई. इतक्या वर्षांत जिभेला ते वळणच पडलं होतं. खरी गंमत जयसिंगरावांनी केली. लहानपणी त्यांना कुणा मास्तरांचा धाक होता देव जाणे, पण ते निमूटपणे पुढे आले, गळ्यातल्या हारासकट पायऱ्या उतरले आणि अंगणाकडे चालू लागले. अध्यक्ष निघाले म्हणून मुख्याध्यापिका चारुलताबाई निघाल्या, त्यांच्यामागे पाहुणे, पालक आणि सगळी शाळा.

अंगणातल्या भिंतीतून लोखंडाचा एक पाइप बाहेर आला होता. त्यावर कुणीतरी फळा पुसायचं ओलं फडकं वाळत घातलं होतं.

"हे काय," जयसिंगराव म्हणाले.

"हा पाइप आहे," सुलोचनाबाई म्हणाल्या. "नळ कुठे आहे?"

मुली हसल्या. मुलींचं एक वेळ चाललं असतं, पण पालकही हसले. जयसिंगरावांनी हार काढून चारुलताबाईंच्या हातात दिला आणि चहा न घेता ते मोटारीत जाऊन बसले.

संध्याकाळी चारुलताबाई स्वतः पुराणिकांच्या घरी आल्या. अध्यक्षांच्या बंगल्यावर जाऊन माफी मागा, म्हणजे प्रकरण मिटेल, असं त्यांनी बराच वेळ समजावलं. सुलोचनाबाईंनी ऐकून घेतलं, चहा दिला आणि माफी कशाबद्दल मागायची ते विचारलं. चारुलताबाईंनी घाईघाईने चहा संपवला. त्या गेल्यावर पाटावर बसलेले दिवाकरराव हळूच खाकरले.

दिवाकरराव म्हणजे बाईंचे यजमान. ते म्युनिसिपालटीतच कारकून होते, थेट जयसिंगरावांच्या हाताखाली. इतका शांत माणूस त्या कचेरीत दुसरा नव्हता. साहेब रागावले की ते मान हलवत आणि बायको रागावली तरी मान हलवत. दोन्हीकडे हलवायची मान एकच असल्यामुळे त्यांचं आजवर नीट निभावलं होतं.

"मागून टाक ना माफी," ते म्हणाले.

"अहो, पण नळ आहे का तिथे?"

"नळ नाही," दिवाकरराव म्हणाले, "पण नोकरी आहे. दोन आहेत."

बाईंनी त्यांच्या पानात आणखी एक पोळी वाढली. याचा अर्थ विषय संपला, हे दिवाकररावांना ठाऊक होतं.

शिक्षण खात्यात जयसिंगरावांचा शब्द चालत असे. थोड्याच दिवसांत बाईंची बदली मानपूरला झाली. मानपूर म्हणजे महूच्याही पलीकडे, आग्रा-मुंबई रस्त्यावरचं गाव. तिथे मुलींच्या शाळेत मुली मोजक्या आणि दारावरून जाणारे ट्रक अमाप. बदलीचा हुकूम घेऊन बाई तडक म्युनिसिपालटीत गेल्या. दिवाकररावांनी त्यांना जिन्यात पाहिलं आणि ते कपाटामागे जाऊन उभे राहिले.

जयसिंगराव त्या दिवशी खुशीत होते. त्यांनी बाईंना खुर्ची दिली.

"देखो बाईजी," ते म्हणाले, "शाळा वेगळी अन् शहर वेगळं. म्युनिसिपालटीला सवाल विचारायचे तर मेंबर व्हावं लागतं. निवडून या, मग विचारा खुशाल."

हे ते चेष्टेने म्हणाले. कचेरीतले दोघे-चौघे हसलेही. पण बाईंनी आयुष्यात चेष्टा केली नव्हती, त्यामुळे दुसऱ्याची चेष्टा त्यांना चटकन ओळखू येत नसे. त्यांना तो नियम वाटला, आणि रास्तही वाटला.

"उमेदवारीचे अर्ज कुठे घेतात?" त्यांनी विचारलं.

"खाली, डाव्या हाताला," जयसिंगराव म्हणाले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण पुन्हा दाखवलं.

बाईंनी नोकरीचा राजीनामा दिला आणि अर्ज भरला. नव्या कायद्याने शहाण्यासुरत्या सगळ्या माणसांना मत मिळालं होतं. बायकांनाही. बाईंच्या वॉर्डातल्या निम्म्या घरांत त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी नांदत होत्या. बाई दारात आल्या की त्या हातातलं लाटणं टाकून ताठ उभ्या राहत. बाई त्यांच्याकडे मत मागत नसत. मत कसं देतात, पेटी कुठली, चिठ्ठी कुठे टाकायची, एवढं समजावून देत आणि शेवटी आपल्या वॉर्डाची पूर्वेची सीमा कुठली ते विचारत. कुणालाही ती सांगता येत नसे. "शनिवारी येते, विचारून ठेवा नवऱ्याला," असं म्हणून बाई पुढच्या घरी जात. नवऱ्यांनाही ती माहीत नव्हती. सराफ्यातले दुकानदार सोनं तोलता तोलता वॉर्डाच्या सीमेवरून हुज्जत घालू लागले.

तेव्हा जयसिंगरावांना एक युक्ती सुचली. बाईंचा मुद्दाच काढून घ्यावा म्हणून त्यांनी मतदानाच्या आदल्या आठवड्यात शाळेच्या पाइपाला पितळी नळ बसवून टाकला. पाणी आलं. सगळा वॉर्ड बघायला लोटला.

"मान गए भिया," शाळेसमोरचा जिलबीवाला म्हणाला. "बाई नुसत्या उभ्या राहिल्या तर नळ आला. निवडून आल्यावर काय येईल?"

बाई निवडून आल्या.

त्यानंतर म्युनिसिपालटीच्या सभेचे हाल सुरू झाले. पूर्वी सभा चहा आणि कचोरीसह तासाभरात उरकत असे. आता कुणी म्हणालं की अमुक गल्लीत दिवे लागले आहेत, की बाई उठून ते दाखवायला सांगत, आणि सभा तशीच गल्लीत जाई. थोराड मेंबर उन्हात धोतराचे सोगे धरून गटारं ओलांडू लागले. एकदा तर एका ठेकेदाराने बांधलेला पूल शोधता शोधता सभा पार शहराबाहेर खजरान्याच्या देवळापर्यंत गेली. पूल मिळाला नाही. सगळ्यांनी गणपतीचं दर्शन घेतलं आणि सगळे परत आले. त्या वेळी जयसिंगरावांनी गाभाऱ्यात डोळे मिटून बराच वेळ काहीतरी मागितलं. काय मागितलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण पुढच्या निवडणुकीत कळलं.

पुढची निवडणूक विधानसभेची होती. मध्यभारताची विधानसभा भरे ग्वाल्हेरला. ग्वाल्हेर इंदूरपासून पुष्कळ लांब आहे, ही गोष्ट जयसिंगरावांना फार आवडली. त्यांनी आपल्या पक्षाच्या पुढाऱ्यांना गाठून सुलोचनाबाईंना तिकीट द्या म्हणून गळ घातली. पुढाऱ्यांचे डोळे भरून आले. विरोधकाची अशी कदर करणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता.

पुढारी बाईंकडे आले तेव्हा बाई म्हणाल्या, "तिकीट तुमचं घेईन. तोंड माझं राहील."

हा विनोद आहे असं समजून पुढारी हसले.

प्रचारात जयसिंगरावांनी जीव ओतला. उपरणं सांभाळत ते दारोदार फिरले आणि सांगू लागले की अशी बाई या शहरात ठेवणं हा त्या बाईवर अन्याय आहे. हे ते अगदी मनापासून सांगत, त्यामुळे लोकांना पटे. बाई भरघोस मतांनी निवडून आल्या. स्टेशनवर त्यांना पोचवायला जयसिंगराव पेढे घेऊन आले होते आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत होते. म्युनिसिपालटीतली बाईंची जागा आता रिकामी झाली. तिथे पोटनिवडणुकीत आपला भाचा उभा करायचं त्यांनी गाडी हलायच्या आधीच ठरवून टाकलं होतं.

ग्वाल्हेरला बाईंनी काही दिवस कामकाज वहीत टिपून घेतलं. मग एके दिवशी सरकारची योजना आली. लहान गावांतल्या मुलींच्या शाळांत हजेरी कमी, तेव्हा त्या बंद कराव्यात आणि मुलींनी जवळच्या मोठ्या शाळेत जावं. जवळची म्हणजे किती जवळची, ते योजनेत नव्हतं. बंद होणाऱ्या शाळांची नावं वाचली जात होती. त्यात मानपूरचं नाव आलं तशी बाई उठल्या.

"मानपूरच्या मुलींनी कुठे जायचं?" त्यांनी विचारलं. मंत्री म्हणाले, जवळच्या गावी. "कुठल्या रस्त्याने? तिकडे पायवाट नाही. आग्रा-मुंबई रस्त्याच्या कडेने, ट्रकांच्या मधून आठ वर्षांची मुलगी चालत जाणार आहे का? मागे नकाशा टांगलाय. पुढे या आणि दाखवा."

मंत्री काही पुढे आले नाहीत. त्यांनी कागद चाळले. सभागृहात कुजबुज झाली, विरोधकांनी बाकं वाजवली. मधल्या सुट्टीत पक्षाचे लोक बाईंभोवती जमले. एकाने गोडीत सांगितलं, एकाने धाकात सांगितलं की मत सरकारच्याच बाजूने द्यायचं असतं. बाईंनी विरुद्ध दिलं. त्यांचं बघून आणखी काही जणांनी हात आखडले आणि योजना पुढच्या अधिवेशनावर ढकलावी लागली. माफी मागा, नाहीतर पक्षातून काढू, असा निरोप आला तेव्हा बाई सामान बांधत होत्या. त्यांनी निरोप आणणाऱ्यालाच सतरंजीचं दुसरं टोक धरायला लावलं आणि घडी घालता घालता सांगितलं, "माझं बोलून झालंय. काढायचं तर काढा."

परतीच्या गाडीत मात्र त्यांनी काय काय सुटलं ते मोजलं. शाळा सुटलेली, पक्ष सुटलेला. आता जयसिंगरावांचा राग निघणार तो घरच्या माणसावर. त्यांना कपाटामागे उभे राहणारे दिवाकरराव दिसू लागले. हा माणूस आपल्यापायी भरडला जाणार, आणि तरी मान हलवत राहणार. माघार घ्यावी, असं त्यांना क्षणभरही वाटलं नाही. पण घरी गेल्यावर कांद्याचं थालीपीठ करावं, असं मात्र दर स्टेशनाला वाटत राहिलं.

टांगा घराशी आला तर दारात ही गर्दी. लोक धिक्काराला आले असतील तर काय बोलायचं आणि सत्काराला आले असतील तर काय बोलायचं, दोन्ही त्यांनी टांग्यातच ठरवलं. खाली उतरून पदर खोचला. पण कुणी त्यांच्याकडे बघितलंच नाही. सगळ्यांची तोंडं घराकडे होती आणि ओट्यावर गळ्यात झेंडूचा हार घालून दिवाकरराव उभे होते. चेहरा असा, की कुणीतरी चुकून त्यांचं लग्न पुन्हा लावून दिलं असावं.

"काय झालं?" बाईंनी गर्दीतल्या जिलबीवाल्याला विचारलं.

त्याने सांगितलं ते असं. ग्वाल्हेरची बातमी आली तशी जयसिंगरावांनी दिवाकररावांना बोलावून भर कचेरीत फर्मावलं की बायकोला समजव, ती गप्प बसली पाहिजे, नाहीतर तुझी खुर्ची गेली. दिवाकररावांनी नेहमीप्रमाणे मान हलवली. सगळ्यांना वाटलं, झालं. पण मान या वेळी आडवी हलली होती.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, साहेब, घरी मी ऐकून घेतो ते माझ्या मर्जीनं. तुमच्या हुकमानं तिला गप्प करणार नाही. अन् टेबलावर चाव्या ठेवून खाली उतरले. खाली, डाव्या हाताला."

बाई गर्दीतून वाट काढत ओट्यावर गेल्या. दिवाकरराव त्यांना बघून जरासे चपापले, पण मागे सरकले नाहीत.

"अहो, पोटनिवडणुकीचा अर्ज भरलात?" बाई हळू आवाजात म्हणाल्या. "भाषण कोण करणार? तुम्हाला दूधवाल्याशी बोलता येत नाही. परत घ्या अर्ज. घरात एकजण बास आहे."

"नाही घेणार," दिवाकरराव म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. संसारात हे दोन शब्द त्यांनी या तोंडून ऐकले नव्हते. त्यांना राग यायला हवा होता. तो कुठे गेला ते कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं प्रचाराला निघाली. पहिलंच घर बाईंच्या एका जुन्या विद्यार्थिनीचं, शशिकलाचं. ती ताठ उभी राहिली, तिच्या सासूने सतरंजी घातली, आजूबाजूच्या चार बायका येऊन बसल्या. दिवाकररावांच्या कपाळावर घाम होता आणि हात टोपीशी खेळत होते. त्यांनी तोंड उघडलं, आवाज फुटेना. बाईंना राहवलं नाही. त्यांनी घसा साफ केला आणि त्या दोन पावलं पुढे आल्या.

दिवाकररावांनी हात आडवा धरला.

"तू बस," ते म्हणाले. "मी बोलतो."

शशिकलाने भीतभीत बाईंकडे पाहिलं. सासूनेही पाहिलं.

सुलोचनाबाईंनी पदर सावरला आणि त्या सतरंजीवर, सगळ्या बायकांच्या मागे, हाताची घडी घालून बसल्या.