चौकात बसण्याच्या मनाईची हकीकत

श्रीसरस्वती अखंड जागती असो, तिचे लेकरांस मात्र घटकाभर विसावा मिळो. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. ते समयी एक थोर विद्याराज्य होते आणि तेथे चाचण्यांचा मारा ऐसा की रविवारही सुटत नसे. त्या राज्यात रेवतीबाई साखळकर, गणिताच्या विद्यार्थिनी, पहिले साली दोन विषयांत नापास जाहल्या आणि खोलीचे दार लावून राहिल्या आणि दोन महिने कोणाशी बोलल्या नाहीत. मग एके रात्री वसतिगृहाचे चौकात गाण्याच्या भेंड्या चालल्या असता 'ढ' अक्षरावर सारी फौज अडली, तेव्हा बाईंनी खिडकीतून गाणे फेकले आणि मागोमाग स्वतः खाली उतरल्या. उतरल्या त्या माणसांत आल्या. मग रोज दहा ते बारा चहा, भेंड्या आणि कडाकडा भांडणे, आणि मग पुन्हा पुस्तके. हा चौक मोडला तर आपण परत त्या दारामागे, हे बाई पुरते जाणून होत्या.

पुढे वसतिगृहाचे किल्लेदार, म्हणजे अधीक्षक पराडकर सर, यांचे कानी कोणी घातले की चौकात मद्यपान चालते. गोष्ट साफ खोटी. परंतु सर भिडस्त, फलकावर 'दारू' लिहिणे त्यांस प्रशस्त वाटेना, म्हणोन पोरांचेच भाषेत लिहिले, "रात्री दहानंतर चौकात बसण्यास सक्त मनाई." पहारेकऱ्यांनी हुकूम शब्दशः घेतला आणि बसला दिसेल त्यास उठविले. तेव्हा बाई म्हणाल्या, "उठायला सांगितलंय ना? उठा सगळे. जायला कुणी सांगितलंय?" मग दीडशे पोरे उभ्याने चहा प्याली आणि उभ्याने गाइली, ऐशा तीन रात्री गेल्या. चौथे रात्री सर जातीने चालून आले आणि म्हणाले, "अगं, बसणं म्हणजे ते बसणं!"

"मग तसं लिहा ना, सर. आम्ही चहा पितो."

सर लाल जाहले. सहीचा हुकूम फिरविणे म्हणजे नामुष्की, म्हणोन बोलले, "माफीनामा दे, नाहीतर सकाळी खोली सोड." परीक्षा आठ दिवसांवर आली होती. तरी बाईंची मान खाली गेली नाही.

"खोलीत मी एकटीच असते, सर. खोली घ्या."

सकाळी गादी आणि पुस्तके घेऊन बाई गावात मैत्रिणीकडे गेल्या आणि रात्री नऊ वाजता परत आल्या आणि दहाचे ठोके पडताच चौकाचे मधोमध खुशाल मांडी घालून बसल्या. मग शेजारी एक बसला, मग दहा, मग दीडशे. पहारेकरी सरांकडे पाहू लागले आणि सरांनी आपली खिडकी लावून घेतली.

येणेप्रमाणे खोली गेली, चौक राहिला. बाई पुढे पास जाहल्या की नाही, हे ज्यास पुसणे असेल त्याने आधी चौकात येऊन बसावे.