रंभाबाईंच्या हसण्याची चौकशी

काशीराम ठाकूर आणि त्यांच्या पत्नी रंभाबाई सिलोनला, म्हणजे लंकेला, जाऊन आले ही गोष्ट पनवेलकरांनी प्रथम मोठ्या मनाने घेतली. काशीरामांची भाताची गिरणी होती, त्यामुळे समुद्र ओलांडण्याचा त्यांना नैतिक अधिकार आहे, असेच सर्वांचे मत पडले. आमच्या वाचनालयाने तर त्यांच्या फोटोंचा जाहीर कार्यक्रम ठेवला. मी वाचनालयाचा चिटणीस. पुढे जे झाले ते रीतसर झाले, याची हमी मी देतो.

फोटो भिंतीवर टाचले होते. माडाखाली रंभाबाई, वाळूत रंभाबाई, गुडघाभर पाण्यात पदर खोचून तोंडभर हसणाऱ्या रंभाबाई. लोक रांगेने पाहत होते. एवढ्यात आमचे अध्यक्ष दयाराम वकील यांनी चष्मा पुसला.

"काशीराम, यात तुम्ही कुठे आहात?"

"मी कसा असन? मीच काढले ना फोटू."

"असे तुमचे म्हणणे आहे," वकील म्हणाले.

सभागृह चपापले. बाई लंकेत, नवरा एकाही फोटोत नाही, मग फोटो काढला कोणी? कार्यक्रमाचे तिथल्या तिथे चौकशीत रूपांतर करण्यात आले. बटाटेवडे आधीच संपले होते, त्यामुळे कोणाचे नुकसान झाले नाही.

काशीरामांनी घाईघाईने एक फोटो पुढे केला. त्याच्या कोपऱ्यात काहीतरी काळपट दिसत होते. "बघा, ह्यो माझा अंगठा हाय. भिंगाम्होरं आला होता."

वकिलांनी फोटो उलटसुलट करून पाहिला. "सभासदत्वाच्या अर्जावर आपण सही केली आहे. ज्याला सही येते, त्याचा अंगठा ग्राह्य धरता येत नाही."

मागून एक सभासद हळूच म्हणाले, "लंकेहून परतलेल्या स्त्रीबाबत आपल्याकडे पूर्वदाखला आहे." सभा गंभीर झाली. परंतु सरपण महाग झालेले, सभोवती पुस्तकांची कपाटे, शिवाय आम्ही पडलो सुधारक. तेव्हा निकाल लागेपर्यंत रंभाबाईंना कोणी हळदीकुंकवाला बोलावू नये, एवढाच सौम्य ठराव मंजूर झाला. दाराशी उभ्या असलेल्या रंभाबाईंचा चेहरा पांढरा पडला. मला वाईट वाटले. पण चिटणिसाचे वाईट वाटणे इतिवृत्तात घेता येत नाही.

मग महिला मंडळाच्या सोनाबाई उठल्या. त्यांनी पाण्यातल्या फोटोवर बोट ठेवले. "मला एवढंच म्हणायचंय, लग्नाला इतकी वर्षं झालेली बाई नवऱ्याकडे बघून असं हसत नाही."

हा पुरावा निर्णायक होता. सगळ्या विवाहित स्त्रियांनी माना डोलावल्या. पुरुषांपैकी एकानेही हरकत घेतली नाही. मीही आठवून पाहिले आणि गप्प बसलो.

तेव्हा रंभाबाई पुढे आल्या. "अवो, लाट आली नि यांचं धोतर सुटलं! दोनी हातांत कॅमेरा, धरतील कशानं? कॅमेरा भिजंल म्हणून तसंच उभे राहिले. मंग मी हसू नको तर काय करू?" सांगता सांगता त्यांना पुन्हा हसू फुटले.

वकील काशीरामांकडे वळले. "आपले धोतर सुटले होते काय? विचार करून उत्तर द्या."

काशीरामांनी सभागृहाकडे पाहिले. पहिल्या रांगेत त्यांची गिऱ्हाइके होती, दुसरीत व्याही होते. "धोतर?" ते म्हणाले, "नाय बा. माझं धोतर कदी सुटलं नाय."

रंभाबाईंचे हसू तिथेच थांबले. त्या नवऱ्याकडे नुसत्या पाहत राहिल्या आणि घरी निघून गेल्या.

न्याय मात्र व्हायलाच हवा होता. नवरा-बायकोचा लंकेतला एकत्र फोटो सादर करावा, असा आदेश निघाला. पुन्हा लंकेला कोण जाणार? बाजारातल्या फोटोवाल्याकडे एक रंगवलेला पडदा होता. त्यावर समुद्र होता, माड होते, एक होडीही होती. "समुद्र सगळीकडे एकच," असा निर्वाळा वकिलांनी दिला आणि जोडपे पडद्यासमोर उभे करण्यात आले. तोवर दोघांत बोलणे बंद झाले होते. मध्ये तिसरे माणूस मावेल इतके अंतर ठेवून ते उभे राहिले. काशीराम कॅमेऱ्याकडे बघत होते, रंभाबाई कुठेच बघत नव्हत्या.

फोटो सभेपुढे आला. सोनाबाईंनी तो हातात घेतला, नीट न्याहाळला आणि म्हणाल्या, "हां. हे खरे नवरा-बायको!"

ठराव एकमताने मागे घेतला गेला, हळदीकुंकू सुरू झाले. तो फोटो आजही वाचनालयात आहे. गावातली जोडपी तो पाहतात आणि समाधानाने घरी जातात.

आपल्याही भिंतीवर जोडीचा एखादा फोटो असेलच. वाचकांनी कृपया उठून तो एकदा तपासावा. त्यात आपण दोघे गंभीर असाल तर काळजीचे कारण नाही. चुकून कोणी हसत असेल, तर मात्र आधी दार लावून घ्यावे.