पुढच्या गाडीला विचारायचं नसतं

"गाडीत कोणी मेलं होतं का?" कॉर्टेझ गेन्सने विचारलं.

"गाडीत कोणी नाही," मिस्टर पेटवे म्हणाले. "जे मेले ते सगळे मागच्या गाडीत होते."

मिस्टर पेटवे हे आमच्या टॅलो क्रीकचे अंत्यविधीवाले. आज ना उद्या प्रत्येकाला त्यांच्याच हवाली व्हायचं असतं, म्हणून गावात त्यांच्याशी कोणी भांडत नाही. ही काळी लिंकन बावीस वर्षं त्यांच्या अंत्ययात्रांच्या पुढे चालली होती. पुढे ती, तिच्यामागे शवगाडी, त्यामागे रडणारे. आता पेटवेंनी नवी गाडी घेतली होती. जुनी विकायला काढून सात महिने झाले, तरी अख्ख्या मिसिसिपीत तिला हात लावणारा भेटला नव्हता. भेटला तो हा कॉर्टेझ. वय वीस, शिक्षण नर्सिंग, आणि खिशात कोंबड्यांच्या कारखान्यात दोन उन्हाळे राबून साठवलेली पुंजी. तेवढ्या पैशांत दुसरीकडे ज्या गाड्या मिळत होत्या, त्यांची दारं दोरीने बांधलेली होती.

आत बसलं मात्र, पोरगं विरघळलंच. लोण्यासारखं कातडं, पाय पसरायला ऐसपैस जागा, आणि इंजिन इतकं शांत की ते चालू आहे हे कळायला बोनेटवर हात ठेवावा लागे. फक्त कुठूनतरी लिलीच्या फुलांचा वास येत होता. गाडीत फूल एकही नव्हतं.

"दोन खोडी आहेत, आधीच सांगतो," पेटवे म्हणाले. "इंजिन सुरू झालं की दिवे लागतात, ते बंद होत नाहीत. अंत्ययात्रेतल्या गाड्या भर दिवसाही दिवे लावून चालतात, म्हणून तशी जोडणी मीच करून घेतली होती. आणि दफनभूमीच्या वळणावर मागची उजवी काच चार बोटं खाली येते. आपोआप."

"बटण बिघडलंय?"

"तीन मेकॅनिक झाले, काही सापडलं नाही. त्या जागेवर घरचं माणूस बसायचं. वळण आलं की जीव घुसमटतो, मग हटकून काच खाली करायचे. बावीस वर्षं तेच. गाडीला सवय लागली असेल."

कॉर्टेझ हसला. पेटवे हसले नाहीत.

आता पोराला एवढी घाई का होती, तर टब्सबाई. कॉलेजात नर्सिंग शिकवणाऱ्या मिसेस टब्स यांचा नियम होता, तीनदा उशीर झाला की नाव कटाप. "उशिराला कारण एकच," त्या म्हणायच्या, "स्वतःचं मरण. तेही आदल्या दिवशी कळवायचं." कॉर्टेझच्या जुन्या खटाऱ्याने हमरस्त्यावर दोनदा मान टाकली होती, त्यामुळे त्याच्या नावापुढे दोन लाल फुल्या होत्या. पुढच्या शनिवारी दुपारी बारा वाजता, सोळा मैलांवरच्या इस्पितळात शेवटची परीक्षा. तिसरी फुली पडली की दोन वर्षं पाण्यात, आणि पुन्हा कोंबड्या.

त्याने गाडी आणली आणि ओरा आत्याच्या दारात उभी केली. आई गेल्यापासून तो आत्याकडेच वाढला होता. आता आमच्या गावात पेटवेंची काळी गाडी एखाद्या दारात उभी राहिली म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आणि कळल्यावर तासाभरात त्या घरी जेवण घेऊन जायचं असतं. कोण गेलं ते नंतर विचारायचं.

पहिली आली शेजारची हॅटी. हातात केक, नजर जमिनीकडे. दार उघडलं तशी वर न बघताच तिने सुरुवात केली. "फार चांगली होती गं बाई आपली ओरा. जिभेने जरा तिखट होती, पण..."

"पण काय?" ओरा आत्याने विचारलं.

केक पायरीवर पडला आणि हॅटी किंचाळत कुंपणापर्यंत गेली. तिच्यामागे तळलेली कोंबडी, मसालेदार अंडी आणि आणखी चार केक ओळीने येत होते. ते सगळे जागच्या जागी थांबले. जिवंत दिसणाऱ्या ओराकडे सगळे टक लावून बघत राहिले.

"या ना, आत या," आत्या म्हणाली. "मी कशी होते, ते बसून सांगा."

गाडी त्या दिवसापासून रस्त्याच्या पलीकडे उभी राहू लागली. पलीकडे लूशस आजोबांचं घर. त्यांच्या खिडकीचा पडदा रोज हलायचा. सहाव्या दिवशी ते सूट घालून, हातात पिशवी घेऊन फाटकाशी आले. "रोज येतोस, रोज नुसताच उभा राहतोस," ते कॉर्टेझला म्हणाले. "न्यायचं तर ने बाबा एकदाचं. मला दुपारी वामकुक्षी असते."

कॉर्टेझने त्यांना ओढ्यापर्यंत चक्कर मारून आणलं. परत आल्यावर आजोबांनी आपला हात आपणच चिमटून पाहिला.

शनिवारी सव्वा अकराला तो निघाला. रस्ता जेमतेम पंचवीस मिनिटांचा. आडरस्त्याने तो रेल्वेच्या फाटकापाशी आला, तर फाटक बंद आणि मालगाडी धडधडत चाललेली. फाटकापुढे मोटारींची लांबच लांब रांग होती. भर दिवसा सगळ्यांचे दिवे लागलेले. सगळ्यात पुढच्या गाडीतल्या बाईने आरशातून लिंकन पाहिली, आपली गाडी मागे घेतली आणि त्याला सगळ्यांच्या पुढे जागा करून दिली. तिच्या डोक्यावर काळी टोपी होती, आणि टोपीची जाळी हनुवटीपर्यंत आलेली.

"काय सज्जन माणसं आहेत!" कॉर्टेझ मनाशी म्हणाला आणि पुढे घुसला.

गाढवाला एवढं कळायला हवं होतं, की ती कुणाची तरी अंत्ययात्रा होती. शवगाडी फाटकापलीकडे निघून गेली होती आणि मालगाडीने यात्रेचे दोन तुकडे केले होते. मागच्यांना वाटलं, पेटवेंनी आपल्याला न्यायला गाडी परत पाठवली.

फाटक उघडलं. दोन मैल गेल्यावर त्याने आरशात पाहिलं. जाळीवाली बाई मागेच होती. तिच्यामागे पिवळ्या दिव्यांची रांग, दूरच्या टेकडीपर्यंत. त्याने वेग वाढवला, रांगेनेही वाढवला. त्याने कमी केला, रांगेनेही कमी केला. अंतर मात्र बदलेना. समोरून येणाऱ्या गाड्या रस्त्याच्या कडेला थांबत होत्या आणि माणसं टोप्या काढून छातीशी धरत होती. शेतातला ट्रॅक्टरसुद्धा थांबला. सगळीकडे इतकं चिडीचूप झालं की त्याला स्वतःचा श्वास ऐकू येऊ लागला.

त्याने काच खाली करून हात हलवला, की बाबांनो, पुढे जा. बाईने गंभीरपणे हात हलवला. तिच्यामागच्याने हलवला. त्याच्यामागच्याने हलवला. कॉर्टेझ एका पेट्रोलपंपात शिरला आणि दोन पंपांना वळसा घालून बाहेर पडला. तीस गाड्या एकामागून एक, आवाज न करता, पंपांना वळसा घालून बाहेर पडल्या. पंपवाल्याने टोपी काढली.

"मीच तर मेलो नाही ना?" त्याच्या मनात आलं. मग त्याने घड्याळ पाहिलं. अकरा बेचाळीस. मेलो असलो तरी बाराच्या आत पोचायला हवं, म्हणत त्याने अ‍ॅक्सिलरेटर दाबला. पुढच्या चौकात पोलिसाने लाल दिवा असूनही आडवी वाहनं अडवली आणि त्याला सलाम ठोकला.

अकरा चौपन्नला तो इस्पितळाच्या आवारात शिरला. त्याच्यामागे तीस गाड्या शिरल्या. दारं उघडली आणि काळ्या कपड्यातली शंभरेक माणसं उतरून गुपचूप उभी राहिली. वरच्या खिडक्यांतून रुग्ण बघत होते. एकाने नर्सला विचारलेलं खालपर्यंत ऐकू आलं, "यांना इतक्यात कोणी बोलावलं? डॉक्टर तर म्हणाले मी सुधारतोय!"

जाळीवाली बाई सरळ कॉर्टेझकडे चालत आली. तिने जाळी वर केली.

टब्सबाई!

"कॉर्टेझ गेन्स," त्या म्हणाल्या, "माझा मामा कुठे आहे?"

"बाई, मला काय माहीत? मी तर परीक्षेला आलोय!"

"सव्वा अकराला दफन होतं. ते आटोपून मी बाराला इथे येणार होते." त्यांचा आवाज कापत होता. कॉर्टेझने तो कधी कापलेला ऐकला नव्हता.

"पण बाई, वाट चुकतेय हे तुम्हाला दिसलं नाही?"

"न दिसायला काय झालं? पेट्रोलपंपाला प्रदक्षिणा घातली तेव्हाच दिसलं. पण पुढच्या गाडीला विचारायचं नसतं. लहानपणी माझ्या मामानेच शिकवलं मला ते." त्यांच्या पर्समधला फोन वाजला. पेटवेंचा आवाज कॉर्टेझलाही ऐकू आला. "बाई, मयत वेळेवर पोचलंय. माणसं कुठे आहेत?"

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. अकरा छप्पन्न. वर पाच पोरं पेन काढून बसली होती. सव्वीस वर्षांत बाईंना एक मिनिट उशीर झाला नव्हता. त्या जिन्याकडे दोन पावलं गेल्या, थांबल्या, आणि तिथेच उभ्या राहिल्या. लहान मुलीला रस्ता ओलांडता येऊ नये तशा.

कॉर्टेझला जिना समोर दिसत होता. चार मिनिटं हातात होती. त्याने मनातल्या मनात एक सणसणीत शिवी हासडली आणि लिंकनचं मागचं उजवं दार उघडलं.

"बसा बाई. आज तुम्ही चालवू नका."

"तुझी तिसरी फुली पडेल."

"माहितेय. बसा."

कॉर्टेझने गाडी परत वळवली. मागून दिव्यांची रांग मुकाट येत होती. दफनभूमीचं वळण आलं. कॉर्टेझचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, बाईंचे मांडीवर. मागची उजवी काच हळूच चार बोटं खाली आली.

वारा आत आला, आणि टब्सबाई ओक्साबोक्शी रडू लागल्या. चर्चमध्ये त्या रडल्या नव्हत्या, असं नंतर पेटवेंनी सांगितलं.

मामा मातीआड झाले. एक वाजून सदतीस मिनिटांनी दोघं परीक्षेच्या खोलीत शिरले. पाच पोरं अजून तशीच बसून होती. उठायची कोणाची छाती नव्हती. बाईंनी हजेरीपत्रक उघडलं आणि लाल पेन काढलं. कॉर्टेझने डोळे मिटून घेतले.

"गेन्स. अकरा चौपन्न, आवारात हजर. मी स्वतः पाहिला," बाई लिहिता लिहिता म्हणाल्या. "माझ्या पुढे होता."

"पण बाई, मी नंतर निघून..."

"नियम येण्याच्या वेळेचा आहे. जाण्याचा नियम मी अजून केलेला नाही. गप्प बस."

मग त्यांनी पहिलं पान उलटलं. तिथे त्यांचं स्वतःचं नाव होतं आणि त्यापुढे सव्वीस वर्षांचा कोरा रकाना. त्यात त्यांनी एक लाल फुली मारली, नीट, कोपऱ्याला कोपरा जुळवून. मग प्रश्नपत्रिका वाटत त्या कॉर्टेझच्या बाकापाशी आल्या आणि वाकून हळू आवाजात म्हणाल्या,

"संध्याकाळी मला घरी सोड. आणि ती मागची काच दुरुस्त केलीस, तर याद राख."