सतरा नंबरची सपाट रेघ

समितीला दाखवायचे आलेख बाई जेवणाच्या टेबलावर शेवटचे तपासत होत्या, तेवढ्यात चहाचा कप घेऊन नवरा मागे येऊन उभा राहिला.

"ही सपाट रेघ कुणाची गं?"

"सतरा नंबरची," बाई म्हणाल्या. इतक्या मायेने त्या पोटच्या पोरीचंही नाव घेत नसत.

काही माणसं एवढ्यातेवढ्याने घाबरीघुबरी होतात आणि काही ढिम्म असतात, ते कोणत्या जनुकामुळे, या एका प्रश्नामागे बाई बावीस वर्षं हात धुऊन लागल्या होत्या. दोनशे लोकांना त्यांनी सहा-सहा नळ्या दिल्या होत्या. दिवसभरात ठरल्या वेळी नळीत थुंकायचं. लाळेतून ताणाचं रसायन मोजता येतं. एकशे नव्व्याण्णव जणांच्या रेघा वरखाली नाचत होत्या. सतरा नंबरची तेवढी सकाळपासून संध्याकाळपर्यंत सरळसोट, आणि त्याचं एक जनुकही इतरांपेक्षा वेगळं. या रेघेच्या जोरावर आज पुढच्या तीन वर्षांचं अनुदान मागायचं होतं. नाही मिळालं तर प्रयोगशाळेला कुलूप.

"सतरा? अगं, मग हा मीच की!"

माणसं कमी पडली तेव्हा बाईंनी नवऱ्यालाही भरती करून घेतलं होतं. पण कोणता नंबर कुणाचा हे संशोधकाला कळता कामा नये, असा नियम. नावांची वही तंत्रज्ञकाकांच्या कपाटात बंद. बाई नवऱ्याकडे बघतच राहिल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा! लग्नाच्या चोवीस वर्षांनी त्यांना त्याच्याबद्दल शास्त्रीय प्रेम वाटू लागलं.

"त्या दिवशी साहेबांनी तुला झाप झाप झापलं होतं ना रे? तरी दीडची नळी इतकी शांत?"

"दीडची?" नवऱ्याने चहाचा घोट उगाच लांबवला. "ती जरा नंतर भरली."

"नंतर म्हणजे कधी?"

"संध्याकाळी. मॅच बघताना. आपण जिंकत होतो."

"आणि सकाळच्या?"

"त्याही तेव्हाच. ऑफिसात चारचौघांत नळीत कोण थुंकत बसणार? वेळा मात्र सगळ्या नीट लिहिल्या हं. सुवाच्य अक्षरात."

बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. त्यांनी तंत्रज्ञकाकांना फोन लावला. "काका, सतराची स्लाइड काढून टाका."

"स्लाइड काढतो हो, पण समिती बसणार त्या खोलीच्या भिंतीचं काय करू? दारापासून खिडकीपर्यंत सतराचाच आलेख चिकटवलाय. ओढला तर रंग निघेल."

त्यात दुष्काळात तेरावा महिना म्हणावा तसा समितीच्या अध्यक्षांचा निरोप आला: सतरा नंबरला प्रत्यक्ष भेटायची फार इच्छा आहे.

"मी येतो की," नवरा म्हणाला. "गप्प बसतो. शांत दिसायला काय अक्कल लागते?"

क्षणभर बाईंचं मन डळमळलं. नुसतं हो म्हणायचं होतं, बावीस वर्षं वाचली असती. पण तेवढ्यासाठी खोटी रेघ दाखवायची, या विचारानेच त्यांना स्वतःची लाज वाटली.

"नाही. मी खरं ते सांगणार. तू सुट्टी घेऊन घरी बस आणि या नव्या सहा नळ्या घड्याळ लावून भर. एक जरी चुकली ना, तर बघ!"

समितीसमोर, भिंतभर पसरलेल्या त्या रेघेखाली उभं राहून बाईंनी सगळं सांगितलं. तंत्रज्ञकाका खिडकीबाहेर बघू लागले.

अध्यक्ष हळूच म्हणाले, "म्हणजे असा शांत माणूस नाहीच?"

"निदान हा तरी नाही, सर."

अध्यक्षांनी टाय सैल केला. "बाई, तुमच्या दोनशे जणांत मीही होतो. तुमच्या तंत्रज्ञांकडून मी माझा आलेख घरी मागवून घेतला, शेजारी तुलनेसाठी हा सतरा. तेव्हापासून बायको रोज म्हणते, बघा, माणसं कशी असतात! मी कॉफी सोडली. पहाटे उठून श्वास मोजतो. मन शांत राहावं म्हणून मासे पाळले, तर आता माशांची काळजी लागून राहते. त्या गृहस्थाला आज विचारणार होतो, बाबा रे, तुला जमतं तरी कसं?" आणि ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "जरा कॉफी मिळेल का? कडक."

दोन कप कॉफी पोटात गेल्यावर अनुदान मंजूर झालं. अट एकच: या खेपेला नळ्या कुणाच्या तरी डोळ्यांदेखत भरून घ्यायच्या.

आठवड्याने नवऱ्याच्या त्या सहा नळ्यांचा आलेख आला. दोनशे जणांत एवढा ताण कुणालाच आला नव्हता. रेघ कागदात मावेना म्हणून काकांनी वर दुसरा कागद जोडला होता.

"साडेअकराला हे एवढं काय झालं?" बाई चक्रावल्या. "घरात तर तू एकटाच होतास!"

"तुझा फोन येऊन गेला होता," नवरा म्हणाला. "'अजिबात टेन्शन घेऊ नकोस' म्हणून ओरडत होतीस."