कारण लिहा : मी सांगतो म्हणून

आमचे मोठे डॉक्टर कॉम्प्युटरशी भांडायचे. मनातल्या मनात नव्हे, भर वॉर्डात, चारचौघांत, आणि तेही अरे-तुरे करत.

शिरूरला त्यांच्या खासगी हॉस्पिटलात मी सिस्टर होते. दोन हजार सालानंतर डॉक्टरांच्या मुलानं, तोही डॉक्टरच, वॉर्डातल्या टेबलावर कॉम्प्युटर बसवला. मोठे डॉक्टर राउंड घेताना औषधं सांगत, मी टाइप करायचे. एखादं औषध पेशंटला चालणारं नसलं, की टुंग वाजायचं आणि पडद्यावर लाल चौकट यायची. औषध रद्द करा, नाहीतर तरीही का देताय त्याचं कारण लिहा!

"आला शहाणा!" डॉक्टर कडाडायचे. "काल जन्मलास अन् मला शिकवतोस? बाई, कारण लिहा, मी सांगतो म्हणून."

मी निमूट लिहायचे. डॉक्टर दोन खाटा पुढे गेले, की मान न वळवता हळूच म्हणायचे, "काय म्हणत होतं ते? बदला मग." सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्यातला प्रकार! पण त्यांची भीती मला कळायची. गावोगावचे पेशंट त्यांच्या नावावर येत. मशीनला विचारून औषध देणारा डॉक्टर त्यांना कच्चा वाटला असता.

एकदा मांडवगण फराट्याचे बबनमामा ॲडमिट होते. डॉक्टरांचे जुने स्नेही.

"डॉक्टर, गुडघा लई ठणकतोय. एक सुई टोचा."

डॉक्टरांनी इंजेक्शन सांगितलं. मी टाइप केलं आणि टुंग! मामांना रक्त पातळ करणारी गोळी चालू होती. त्यावर हे इंजेक्शन म्हणजे पोटात रक्तस्राव व्हायची भीती. ती गोळी आदल्या दिवशी डॉक्टरांनीच सुरू केली होती.

आता कडाडतील म्हणून मी वाट पाहिली. ते नुसते पडद्याकडे बघत राहिले.

"आवं, त्या डब्याचं काय ऐकताय?" मामा म्हणाले. "तुमचा हातगुण मला ठावं हाय. द्या सुई."

आजूबाजूच्या खाटांवरून माना वळल्या. आता हे 'कारण लिहा' म्हणाले तर मी काय करायचं?

"न्हाई मामा," डॉक्टर म्हणाले. "काल मीच तुमाला गोळी दिली आन् आज इसरलो. हल्ली इसरतो मी. त्यानं टोकलं म्हणून बरं."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून असलं काही मी ऐकलं नव्हतं.

"पयलं आमची ही असायची दवाखान्यात," ते हळू आवाजात म्हणाले. "चुकलो की टोकायची. ती गेल्यापासून मला कुणी टोकतच न्हाई, मामा. समदे व्हय व्हय म्हणत्यात."

मामा म्हणाले, "वहिनींचं मुकाट ऐकत व्हता न्हवं? मग ह्याचंबी ऐका. आन् उगं शिव्या घालू नका बिचाऱ्याला."

डॉक्टर हसले. "रद्द करा, बाई," म्हणाले. मग शेकायची पिशवी मागवून मामांच्या खाटेवर बसले आणि ती त्यांच्या गुडघ्यावर स्वतःच धरून राहिले.